मामाची ज्वारी

आमच्या पनागरात ज्वारीला कोणी माणसाचं अन्न समजत नाही. जबलपूरला लागून असलेलं गाव, काळी कसदार जमीन, पण पेरणार काय, तर मटर आणि गहू, गहू आणि मटर. ज्वारी म्हटलं की इथल्या लोकांना म्हैस आठवते. हिरवी असतानाच कापायची, कुट्टी करायची आणि गव्हाणीत टाकायची. त्याला हे लोक चरी म्हणतात. म्हणून पोळा झाल्यावर मी वावराच्या अर्ध्या तुकड्यात ज्वारी पेरायला काढली, तेव्हा शेजारचा भैयालाल कुशवाहा बांधावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दीदी, भैंस तो आपने बेच दी. अब चरी किसके लिए बो रही हो?"

मी म्हटलं, "तेरे लिए."

तो हसला आणि आपल्या कामाला गेला. भैयालालचं एक बरं आहे, त्याला कितीही टोचून बोला, त्याच्या अंगाला लागत नाही. माझ्यासारख्या बाईला शेजारी असाच लागतो.

मी कलावती. माहेर काटोलच्या बाजूचं, सासर जबलपूरचं. आमचे हे, टिकाराम, फॅक्टरीत होते. सासरेही त्याच नोकरीसाठी विदर्भातून इकडं आलेले. लग्नानंतरची कितीतरी वर्षं घमापुरात दोन खोल्यांत काढली. खिडकी उघडली की दुसऱ्याची भिंत. मी वावरात वाढलेली, माझा जीव तिथं घुसमटायचा. मी ह्यांच्या डोक्याशी इतकी भुणभुण केली, की रिटायर झाल्यावर ह्यांनी मुकाट्यानं पनागरात घर आणि हा जमिनीचा तुकडा घेतला. आता ऊठसूट म्हणतात, तुझ्यापायी म्हातारपणी चिखलात आलो. पण सकाळी सगळ्यांच्या आधी वावरात कोण जातं, ते मी पाहते ना.

माझे बाबा होते तोवर दर थंडीत माझ्याकडं यायचे. नव्या ज्वारीचं पोतं घेऊन. इटारसीला गाडी बदलायची, पण पोत्याला हमालाचा हात लागू द्यायचा नाही. दारात पोतं टेकवलं की त्याच्यावरच बसायचे आणि मग पाणी मागायचे. मी म्हणायची, बाबा, काहून एवढा त्रास घेता, इथं काय दाणे मिळत नाहीत? ते म्हणायचे, "आधी नागपूर अन् जबलपूर एकाच राज्यात होतं. मंग राज्याची वाटणी झाली, हद्द मधात आली. पोरगी हद्दीपलीकडं राहिली म्हणून तिचा वाटा बुडते का?" आमच्याकडची रीतच होती ती. वावरात नवं पीक आलं की लेकीच्या घरी पोचतं करायचं, आणि ते बापानं नाहीतर भावानं स्वतः न्यायचं. दुसऱ्याच्या हाती पाठवलं तर ते नुसते दाणे. त्या पोत्यातल्या पहिल्या भाकरीला मी कोणाला बोलवायची नाही. सगळ्यांची जेवणं उरकली की चुलीपाशी एकटी बसून खायची. खरं सांगते, रडायचीसुद्धा.

बाबा गेले आणि पोतं बंद झालं. पोत्याचं मला काही नव्हतं हो. पण पोत्यासोबत माणूस यायचा, तो यायचा बंद झाला.

मागं राहिला बंडू, माझा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे आता साठीला टेकला आहे, पण त्याला मी कडेवर घेऊन वावरात फिरवला आहे, म्हणून माझ्यासाठी तो धाकटाच. बाबा गेल्यापासून तो एकदाही माझ्या दारात आला नव्हता. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा लग्नाच्या निमित्तानं, भर मे महिन्यात. तेव्हा सगळ्यांचीच वावरं नांगरून उघडी पडलेली, पाहायचं काय आणि खायचं काय. एरवी फोन. आणि फोनवर मी दर वेळी आधी हेच विचारायची, "औंदा ज्वारी कशी आहे रे?" तो म्हणायचा, "मस्त आहे ताई, डोक्याच्या वर गेली." मग मी म्हणायची, "तर ये ना मंग." तो म्हणायचा, "पाहतो."

पाहतो, पाहतो करत वर्षं गेली. पनागरातल्या बायांकडं भाऊबीजेला, लग्नाकार्याला, उगाचसुद्धा माहेरची माणसं यायची. दारात मोटरसायकल थांबायची आणि चार घरांना ऐकू जाईल असं "दीदी" म्हणून कोणी हाक मारायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी कोणापाशी बोलले नाही. पण दुसरीच्या दारात तशी हाक ऐकली की माझा पदर डोळ्यांकडं जायचा.

गेल्या उन्हाळ्यात मात्र मी फोनवर चिडले. म्हटलं, बंडू, मी काय तुला परकी झाली का? तो हसत म्हणाला, "तिथं येऊन खाऊ काय ताई? तुमच्याकडं गव्हाच्या पोळ्या. हुरडा देशीन का?"

मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, "ज्वारीचं बी आणा."

"कशाला?"

"माझ्या भावाला हुरडा खायचा आहे. आजवर तेवढ्यासाठी अडला होता म्हणे. ते कारणच मी मोडून टाकते, मग पाहते काय सांगतो."

ह्यांनी हात जोडले, पण बी आणलं. सौसरकडचा ह्यांचा फॅक्टरीतला एक दोस्त आहे, त्याच्याकडं अजून ज्वारी होते.

ज्वारी आली, आणि अशी आली की विचारू नका. काळ्या जमिनीला हे पीक जसं काही आठवतच होतं. दिवाळीनंतर उंच झाली, मग पोटऱ्यात आली, मग कणसं बाहेर पडली. मी दोन ओळींच्या मधून चालायची, पानं गालाला घासायची, आणि मला वाटायचं, आता ही ओळ संपली की पलीकडं आपली विहीर दिसेल, आई दिसेल. ओळ संपली की पलीकडं भैयालालचा मटर.

मग कणसात दूध भरलं आणि पाखरं आली.

इथं मी सपशेल फसले. आमच्या गावाकडं लहानपणी कोसभर ज्वारीच ज्वारी होती. पाखरं तिथंही यायची, पण सगळ्यांच्या वावरांत वाटून खायची. एकेकाच्या वाट्याला चिमूटभर नुकसान. इथं अख्ख्या तालुक्यात कणसाची ज्वारी एकट्या माझ्या वावरात, मग अख्ख्या तालुक्याचे राघू माझेच पाहुणे. सकाळी उजाडलं की हिरवा ढग यायचा आणि वावरावर बसायचा. ते गेले की चिमण्या, चिमण्या गेल्या की ती पिवळी सुगरण पाखरं. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. हे खाटेवर घोंगडी पांघरून बसायचे आणि तिथूनच सांगायचे, "तिकडं बसले बघ, तिकडं, अवो डावीकडं." उंटावरून शेळ्या हाकायला ह्यांना फार आवडतं.

कोणाला मदतीला बोलवावं, तर मटरच्या दिवसांत पनागरात माणूस मिळत नाही. पहाटे धुक्यात बाया वावरात शिरतात, ओल्या वेलींनी लुगडी गुडघ्यापर्यंत भिजतात, दुपारी पोती रस्त्याला लागतात आणि ट्रकवाले हॉर्न मारत उभे राहतात. या दिवसांत कोणाची सोयरीक ठरत नाही, कोणी कोणाकडं पाहुणा जात नाही. कोणी मरायला टेकला तरी म्हणतात, तोडणी होईपर्यंत थांब बाबा.

मी शेवटी घरातली जुनी परात घेतली आणि वावराच्या मधोमध उभी राहून बडवायला लागले. भैयालालची बायको लीलाबाई मटर तोडता तोडता बांधावर आली. कमरेला ओटी बांधलेली, ओटीत शेंगा. म्हणाली, "दीदी, सबेरे सबेरे थाली बज रही है, किसके घर लड़का हुआ?"

"राघू के घर."

ती खूप हसली. मग म्हणाली, "छोड़ो ना दीदी, काट के बेच दो चरी में. काहे हलकान होती हो?"

माझा घसा बसलेला, डोकं तापलेलं, पाय चिखलात. मी रागानंच म्हटलं, "मेरा भाई आनेवाला है. उसके लिए रखा है. वो यही खाता है."

लीलाबाईचं हसू थांबलं. तिचं माहेर नर्मदेपलीकडं नरसिंहपूरकडचं. ती ओटीतल्या शेंगा सावरत म्हणाली, "मायके से कोई आ रहा है, तो पहले बताना था ना."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला वावरात हल्लागुल्ला ऐकू आला. मटरला निघालेल्या बाया माझ्या ज्वारीतून आरडाओरडा करत, टाळ्या वाजवत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जात होत्या. लीलाबाई सगळ्यांच्या पुढं. दुपारी जेवायच्या सुटीत पुन्हा एक फेरी. संध्याकाळी भैयालाल आला, हातात जुन्या कॅसेटी. त्यातली फीत काढून त्यानं वावरावर आडवी-उभी ताणून बांधली. वारा आला की ती फीत उन्हात चमकायची आणि गुणगुणायची, आणि राघू बिचकायचे. बांधताना तोंडानं मात्र चालूच, "जिंदगी में पहली बार चरी की चौकीदारी कर रहा हूँ."

आठवडा होत नाही तो अख्ख्या गावानं माझ्या ज्वारीचं नाव ठेवलं, मामा की ज्वार. गिरणीवर गेले तर विचारणार, मामा कब आ रहे हैं. किराणावाला विचारणार, मामा चले कि नहीं. ज्या बायांशी माझं कधी बोलणं नव्हतं, त्या रस्त्यात थांबवून सांगायच्या, दीदी, आज आपके राघू हमने भगाए.

आणि इकडं मामाचा पत्ता नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी फोन करायची तर बंडू म्हणायचा, "येतो ताई, कापूस घरात येऊ दे." मग म्हणाला, "बँकेचं काम आहे." मग म्हणाला, "थंडी लई पडून राहिली." हुरड्याचं काय असतं, तुम्हाला ठाऊकच आहे. दाणा दुधात असतो, मग गोड होतो, आणि मग थोड्याच दिवसांत निबर होऊन बसतो. तो कोणासाठी थांबत नाही. मी रोज सकाळी एक कणीस तोडून दाणा दातांखाली धरायची. एक दिवस तो दातांखाली कटकन वाजला.

हे म्हणाले, "ज्योतीची आई, तो नाही यायचा. सोड आता. गावाला खाऊ घाल आणि मोकळी हो."

"गावासाठी नाही पेरली."

"मग काय करणार?"

मी फोन लावला. बंडूशी बोलताना माझी जीभ आपोआप गावाकडं वळते, रागात तर जास्तच. म्हटलं, "बंडू, हुरडा निबर होऊन राहिला. अख्खं गाव तुह्यासाठी पाखरं हाकलून राहिलं. तुले यायचं नसंन तर नाही म्हण. मी सांगून टाकते का मले भाऊच नाही."

"असं काहून बोलून राहिली ताई?"

"मंग कसं बोलू? बाबाईले जाऊन इतकी वर्षं झाली. तुले एकदा गाडीत बसवलं नाही. मी काय तुह्या वावरातला हिस्सा मागितला? एक दिवस मागितला."

फोन चालू होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "उद्या निघतो."

माझा विश्वास बसला नाही. पण पोरीला फोन केला. ज्योती जबलपुरात मदन महलला राहते. तिला म्हटलं, मामा येतील, स्टेशनवरून घे आणि इकडं आण. ज्योतीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. म्हणाली, "पक्का आ रहे हैं ना आई? पिछली बार भी मैं खड़ी रह गई थी." मी म्हटलं, पक्का. आणि रात्रभर मलाच पक्कं वाटत नव्हतं.

तो आला. ज्योतीच्या स्कूटरवर मागं बसून, मांडीवर एक छोटी बॅग धरून. उतरला तेव्हा मला आधी ओळखू आलं नाही. अंगातला सदरा एका मापानं मोठा, गालाची हाडं वर आलेली. ह्यांना "जय भीम, भाऊजी" म्हणाला, मग माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला मध्येच धरला आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. लीलाबाईच्या दारातून, गिरणीवरून, सगळीकडून बाया पाहत होत्या. पाहू द्या म्हटलं. इतकी वर्षं मी त्यांची माणसं पाहिली, आज त्यांनी माझं पाहावं.

ज्योतीला कॉलेजात शिकवायला जायचं होतं. जाता जाता हळूच म्हणाली, "आई, मामा रास्ते भर कुछ बोले ही नहीं. और कल दोपहर की गाड़ी से वापस जाने का बोल रहे हैं."

कल म्हणजे कल. आला ना, बस.

त्याला घेऊन मी वावरात गेले. तो बांधावर उभा राहिला आणि नुसता पाहत राहिला. मग आत शिरला, एक कणीस हातात धरलं, ओढलं नाही, नुसतं तळहातावर तोललं. पानांत उभा असलेला तो पाठमोरा बाबांसारखा दिसत होता. मी म्हटलं, "बरीच निबर झाली. पण नाल्याकडचा कोपरा पाण्यानं वाहून गेला होता, तिथं मी मागाहून पेरली. तेवढी कवळी आहे. तुह्या नशिबाची."

"चांगली आहे ताई," तो म्हणाला. एवढंच.

दुपार कलल्यावर त्या कोपऱ्यात खड्डा करून आगटी पेटवली. गोवऱ्यांचा विस्तव झाला तशी कणसं खुपसली. जवसाची चटणी, लसणाची चटणी, गूळ, दही, सगळं मी सकाळीच काढून ठेवलं होतं. मटर तोडून परतणाऱ्या बाया एकेक करून येऊन बसल्या. मामा पाहायचा होता, आणि ज्या चरीसाठी घसा फोडला ती लागते कशी, तेही पाहायचं होतं. भैयालाल पहिला घास तोंडात टाकून बराच वेळ चावत राहिला. सगळे त्याच्या तोंडाकडं. शेवटी म्हणाला, "भैंस को बेकार ही खिला दिया आज तक." बाया हसून हसून एकमेकींवर पडल्या.

मी भाजलेलं कणीस हातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायची आणि हिरवे दाणे बंडूच्या हातावर ओतायची. तो खाली मान घालून खात होता. तेवढ्यात लीलाबाईनं विचारलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, बायका विचारतातच, आम्हीही विचारतो. म्हणाली, "और मामाजी, दीदी के लिए मायके से क्या लाए?"

बंडूचा हात थांबला. दाणे मुठीत तसेच राहिले. "कुछ नहीं लाया बाई," तो म्हणाला.

माझे कान गरम झाले. मी घाईघाईनं म्हटलं, अरे, खुद आया है, और क्या लाएगा. लीलाबाईनंही विषय बदलायला गूळ मागितला. पण बंडूनं मान वर केली आणि माझ्याकडं पाहून मराठीत बोलायला लागला.

"ताई, आपल्या वावरात ज्वारी नाही."

"औंदा नाही पेरली?"

"बाबा गेले तवापासून नाही पेरली. सोयाबीन आहे. आपल्याच नाही, गावात कोणाच्याच वावरात नाही. रानडुकरं पडतात, राघू पडतात, राखायले माणूस कोठून आणू? पोरगं नागपुरात नोकरीले, त्याची माय तिथं नातवापाशी. घरी मी एकटा."

मला कळेना तो काय सांगतो आहे. म्हटलं, "मंग फोनवर डोक्याच्या वर गेली म्हणे, ते?"

"तू इतक्या हौसेनं इचारायची. नाही आहे म्हणून कसं सांगू?"

"अन् म्हणून आला नाही तू?"

"बाबा पोतं घेऊन येत. मी काय घेऊन येऊ? सोयाबीनचं पोतं आणू बहिणीच्या घरी? एकदा काटोलच्या बाजारातून ज्वारी घेतली, स्टेशनापर्यंत आणली. मंग वाटलं, तू पहिल्या भाकरीतच ओळखशीन. तिथूनच वापस गेलो."

ज्योती स्टेशनवर उभी राहिली होती ती हीच वेळ. आणि ओळखलं तर मी असतंच, तो खोटं बोलत नव्हता.

"दर फोनले तू आधी ज्वारीचंच इचारायची," तो म्हणाला. "मले वाटे, ताई आपला वाटा मागून राहिली. हक्काचा आहे, काहून नाही मागणार. अन् मी तिचा वाटा बुडवून बसलो. कोणत्या तोंडानं येऊ?"

मला इतका राग आला की हातातलं कणीस मी विस्तवात फेकलं. म्हटलं, "अरे येड्या, ज्वारी नाही इचारणार तर काय इचारणार? जेवला का, गुडघे दुखतात का, बाबाईची आठवण येते का, माही येते का, असं आपल्या घरात कोणी कोणाले इचारलं आहे कधी? ज्वारी इचारली का त्यात सगळं आलं. मले पोतं पाहिजे होतं का? मी त्या पोत्यासाठी दारात बसत होती का?"

माझ्या डोळ्यांसमोर ते सगळं गाव आलं, विहिरीपासून शिवेपर्यंत ज्वारीनं भरलेलं, आणि ते नव्हतंच. कितीतरी वर्षांपासून नव्हतं. मी रोज ज्या ठिकाणी मनानं जात होते तिथं सोयाबीन उभं होतं आणि घरात माझा भाऊ एकटा चूल पेटवून भात शिजवत होता.

भैयालालला शब्द कळले नाहीत, पण बाकी सगळं कळलं. तो उठला, अंगावरचा कोंडा झटकला आणि बायांवर डाफरला, "चलो रे, बोरे कौन भरेगा, ट्रक खड़ा है." पोती भरायची होती की नव्हती देव जाणे. सगळ्या उठल्या. जाताना लीलाबाईनं बंडूच्या डोक्यावरून हात फिरवला, जसा तिच्याच घरचा कोणी आला आहे. हेही तिच्यासोबत निघून गेले.

वावरात आम्ही दोघंच राहिलो. विस्तवात अजून थोडी कणसं होती. मी एक काढलं, चोळलं, त्याच्या हातावर ओतलं. तो खात होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि त्यानं ते पुसलं नाही. म्हणाला, "बाबा गेल्यावर मी हुरडा खाल्लाच नव्हता ताई."

"आता खा."

त्यानं आणखी एक मूठ खाल्ली. मग पायाच्या अंगठ्यानं माती उकरत, माझ्याकडं न पाहता म्हणाला, "ताई, उद्याची गाडी सोडू का? मी आठ दिवस राहू का इथं?"

हा प्रश्न मी ओळखते. लग्न झालेल्या पोरी तो माहेरी जाऊन विचारतात, आईला नाहीतर भावजयीला, असंच खाली पाहून. मीही विचारला आहे. माहेराकडून कोणी यावं म्हणून मी जन्मभर वाटेला डोळे लावून बसले, आणि आला तो साठीचा म्हातारा माझ्याच वावरात बसून माझ्याकडं माहेरपण मागत होता. त्याला जायला दुसरं माहेर नव्हतं. मलाही नव्हतं. जे काही उरलं होतं ते या कोपऱ्यात होतं, आम्ही दोघं आणि एवढी कवळी ज्वारी.

"इचारतो काहून?" मी म्हटलं. "पण फुकट नाही ठेवणार. उद्या पहाटे उठून राघू हाकलायचे."

"हाकलतो," तो म्हणाला आणि हात पुढं केला. मी पुढचं कणीस चोळून त्याच्या हातावर ओतलं. ते निबर निघालं, पण तो चावत राहिला.